संघ कोणाचा? होळकरांच्या इंदूरपासून महामारीने अडवलेल्या रणजीपर्यंत

#थ्रेड

१/ २०२५ च्या उन्हाळ्यात मेहरूण तलावाच्या काठावर फेरफटका मारणाऱ्या तरुणांत एकच वाद ऐकू येत असे. यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडे जाण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मागितले आणि पुढे ती मागणी मागे घेतली. पाठोपाठ पृथ्वी शॉने मुंबई खरोखरच सोडली आणि तो महाराष्ट्राच्या संघात आला. कोणी म्हणे, "ही निष्ठा विकणे होय." कोणी म्हणे, "पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्यात निष्ठा कसली?"

२/ मित्रहो, हा वाद नवा नाही. तो रणजी करंडकाइतकाच जुना आहे. आणि त्याची सर्वांत रोचक कथा आपल्या खानदेशाच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडे इंदुरात घडली. तिची अखेर महामारीमुळे मोडलेल्या एका हंगामात, २६ जून २०२२ रोजी, बंगळुरूच्या मैदानावर झाली. आजच्या धाग्यात ही ऐंशी वर्षांची गोष्ट क्रमाने पाहू.

३/ आधी आपला पत्ता निश्चित करू. क्रिकेटच्या नकाशावर आजचे महाराष्ट्र राज्य तीन संघांत विभागलेले आहे : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. जळगाव-धुळे हे 'महाराष्ट्र' संघाच्या कक्षेत येतात; त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. अंतराने पाहिले तर जळगावकरास मुंबईपेक्षा इंदूर जवळ. इतिहासानेही ते फार दूर नव्हते.

४/ महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये झालेल्या मंदसौरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांना दिला. त्यात खानदेशातील ठाणीही होती. पुढच्याच महिन्यात तापीकाठच्या थाळनेर किल्ल्याचा किल्लेदार तुळशीराम मामा याने प्रतिकार केला आणि इंग्रजांनी त्यास फाशी दिले. होळकरांचे राज्य आकुंचन पावले. इंदूरचा दरबार मात्र टिकला. त्याच दरबाराने पुढे शतकभराने एक निराळीच फौज उभारली.

५/ १९२३ साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नागपूरच्या एका उंचपुऱ्या फलंदाजास इंदुरी बोलावले आणि आपल्या लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. ते होते कोट्टारी कनकय्या नायडू. जन्म नागपूर, १८९५. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा केल्या, त्यांत ११ षटकार होते. १९३२ मध्ये ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले.

६/ येथे एक बाब ध्यानात घ्यावी. त्या काळी खेळाडूस 'मानधन' असे उघडपणे दिले जात नसे. व्यावसायिक खेळाडू म्हणवून घेणे कमीपणाचे समजत. संस्थानिक यावर तोडगा काढीत : लष्करात हुद्दा, दरबारात नोकरी, राहण्यास घर. पगार सरदाराचा, काम चेंडू-फळीचे. आजच्या भाषेत हा करारच होता. त्यावर दरबारी शालजोडी पांघरलेली होती इतकेच.

७/ रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. करंडक पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंग यांनी दिला. पहिले विजेतेपद मुंबईचे. आपल्या महाराष्ट्र संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली, ती प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली. त्या वेळी देवधरांची पन्नाशी जवळ आली होती.

८/ त्या संघातील एक नाव पाहा : विजय हजारे, जन्म सांगली, १९१५. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतील हे पहिले त्रिशतक. प्रतिस्पर्धी कोण, तर बडोदा! आणि १९४१-४२ पासून हेच हजारे बडोदा संस्थानाच्या सेवेत राहून बडोद्याकडून खेळू लागले. ज्या संघाला त्यांनी झोडपले होते, त्याच संघाने त्यांना आपलेसे केले.

९/ यानंतरचा हिशेब बोलका आहे. बडोद्याने १९४२-४३ आणि १९४६-४७ मध्ये करंडक जिंकला. महाराष्ट्राच्या हाती १९४०-४१ नंतर करंडक आलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन हंगामांत अंतिम सामना गाठला, तिन्ही वेळा हार पदरी पडली. याचे सर्व खापर एका हजाऱ्यांच्या जाण्यावर फोडणे योग्य नव्हे. पण कोण गेला आणि कोण आला याने संघांचे नशीब पालटते, हे तेव्हाच दिसून आले होते.

१०/ त्याच १९४१-४२ पासून इंदूरचा संघ 'होळकर' या नावाने उतरू लागला. गादीवर यशवंतराव होळकर होते, कर्णधार सी. के. नायडू. संघात मुश्ताक अली हे इंदूरचेच. पण चंदू सरवटे सागरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे. ज्यांनी १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावांचा डोंगर रचला, ते कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही पुढे होळकर संघाकडून खेळले.

११/ परदेशी खेळाडूही यातून सुटला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन सैनिक म्हणून इंदुराजवळच्या महू छावणीत होता. १९४४-४५ चा अंतिम सामना तो होळकरांकडून मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्न स्टेडियमवर खेळला आणि दुसऱ्या डावात नाबाद २४९ धावा केल्या. मुंबईच्या विजय मर्चंट यांनी २७८ काढल्या. सामन्यात २,०७८ धावा झाल्या. मुंबई ३७४ धावांनी जिंकली.

१२/ पुढच्याच हंगामात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा फलंदाजांची शतके! १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. मुंबईच्या वर्चस्वाच्या काळात ही कामगिरी लहान नव्हे.

१३/ हरलेल्या सहा अंतिम सामन्यांपैकी एक तर अविस्मरणीय आहे. मार्च १९४७, बडोदा. सांगलीचे हजारे (२८८) आणि लाहोरचे गुल महंमद (३१९) यांनी बडोद्यासाठी चौथ्या गड्याकरिता ५७७ धावांची भागी केली. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. तो संगकारा-जयवर्धने यांनी ६२४ धावांनी मोडला. होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. पाच महिन्यांत फाळणी झाली आणि गुल महंमद यांचे लाहोर दुसऱ्या देशात गेले.

१४/ मग हा बलाढ्य होळकर संघ गेला कोठे? उत्तर मैदानावर नाही, राजकारणात आहे. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. खजिना गेला, लष्कर गेले, हुद्दे गेले. जुन्या पुण्याईवर संघ काही वर्षे चालला. १९५४-५५ चा अंतिम सामना मद्रासविरुद्ध हरल्यावर 'होळकर' हे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले. आधी मध्य भारत आणि पुढे मध्य प्रदेश, असा वारसा राहिला. करंडक मात्र फिरकला नाही.

१५/ पहिला धडा येथे मिळतो. राजाश्रयाने आणलेले खेळाडू संघाला उंचीवर नेतात; पण आश्रय सरला की छप्परच कोसळते. मुंबईचे तसे झाले नाही, कारण तेथे मैदाने, क्लब, शालेय स्पर्धा आणि खेळाडूंना नोकरी देणाऱ्या कचेऱ्या अशी सबंध साखळी होती. एक कडी निखळली तरी दुसरी धरून ठेवी.

१६/ आता चाळीस-पन्नास वर्षे पुढे येऊ. एप्रिल १९९९, बंगळुरूचे चिन्नास्वामी स्टेडियम. मध्य प्रदेश अंतिम सामन्यात कर्नाटकाविरुद्ध खेळत होता. कर्णधार होते मुंबईहून आलेले यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात २४७ धावा हव्या होत्या. संघ १५० वर बाद झाला, ९६ धावांनी हरला. हाता-तोंडाशी आलेला घास गेला.

१७/ पंडित पुढे प्रशिक्षक झाले. मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये करंडक मिळवून दिला. मग ते विदर्भाकडे गेले. तेथे मुंबईचा वसीम जाफर पाहुणा खेळाडू म्हणून आधीच आला होता. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला हरवून पहिले विजेतेपद मिळवले आणि पुढच्या वर्षी ते राखले. तो पहिला विजय कोठे झाला? इंदूरच्या होळकर स्टेडियमवर!

१८/ विदर्भाचे उदाहरण लक्षपूर्वक पाहावे. जाफर आला, पण कर्णधार फैज फजल नागपूरचा होता आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणीही विदर्भाचाच. पाहुणा मोजका, घर आपले. आजच्या नियमांतही बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आहे, ती याच विचाराने. एकेकाळी सी. के. नायडूंना इंदूरच्या स्वाधीन करणाऱ्या नागपूरने शेवटी आपली साखळी घडवली.

१९/ आणि मग महामारी आली. मार्च २०२० मध्ये सौराष्ट्राने करंडक जिंकला आणि लगोलग देश बंद झाला. त्याच महिन्यात पंडित यांनी मध्य प्रदेशाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. महायुद्धातही न थांबलेली रणजी स्पर्धा २०२०-२१ मध्ये रद्द झाली. १९३४ पासून असे प्रथमच घडले.

२०/ हा निर्णय आकडेवारीपुरता नव्हता. आयपीएलचा लिलाव ज्यांच्या नशिबी नाही, अशा शेकडो खेळाडूंची वर्षाची कमाई रणजीच्या सामन्यांवर चालते. तेव्हा दिवसाला ३५,००० रुपये, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे १,४०,००० रुपये मिळत. सामना नाही तर पैसाही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाने २०१९-२० च्या हंगामात खेळलेल्यांना भरपाई म्हणून सामना-शुल्काच्या ५० टक्के रक्कम जाहीर केली. तोवर दीड वर्ष उलटले होते. आणि ज्याचा पहिलाच हंगाम त्या वर्षी व्हायचा होता, त्याच्या हाती या हिशेबातून काहीच येणार नव्हते.

२१/ जगातही असे पूर्वी घडले होते. १९१९ साली अमेरिकेतील सिॲटल येथे आइस हॉकीच्या स्टॅन्ली करंडकाची अंतिम मालिका बरोबरीत असताना इन्फ्लुएंझाने मॉन्ट्रियलचे खेळाडू अंथरुणाला खिळले. निर्णायक सामना रद्द झाला आणि काही दिवसांतच मॉन्ट्रियलचा जो हॉल मरण पावला. त्या वर्षीचा विजेता आजही कोणी नाही. याच साथीने १९१८ मध्ये मुंबई बंदरातून आत शिरून हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले होते.

२२/ शंभर वर्षांनी त्याच हॉकीच्या लीगने २०२० चा हंगाम मार्चमध्ये थांबवला, ऑगस्टमध्ये टोरंटो आणि एडमंटन या दोनच शहरांत प्रेक्षकांविना बाद फेरी घेतली आणि सप्टेंबरअखेर टॅम्पा बे संघाला करंडक दिला. तेथील 'ट्रेड'ची रीतही निराळी. क्लब परस्परांत खेळाडूंची अदलाबदल करतात. बहुतेक वेळा खेळाडूस विचारलेही जात नाही. आपल्याकडे निदान अर्ज खेळाडूच करतो, मग संघटना ना-हरकत देते. निष्ठेचा प्रश्न विचारण्यापूर्वी, निर्णय कोणाचा होता हे विचारावे.

२३/ आपल्याकडे २०२१-२२ चा हंगाम १३ जानेवारी २०२२ रोजी सुरू व्हायचा होता. ओमायक्रॉनच्या लाटेने तो पुढे ढकलला. फेब्रुवारीत ३८ संघांची साखळी फेरी सुरू झाली; मुख्य गटांतील प्रत्येक संघास अवघे तीन सामने. एक वाईट दिवस आणि वर्ष संपले, अशी गत. मग मध्ये आयपीएल. बाद फेरी थेट जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, बंगळुरूत. एकाच स्पर्धेचे दोन तुकडे झाले.

२४/ त्या जूनमध्ये विलक्षण क्रिकेट झाले. उपांत्यपूर्व फेरीत मुंबईने उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवले. धावांच्या फरकाने प्रथम श्रेणीतील हा सर्वांत मोठा विजय. मुंबईच्या सुवेद पारकरने पदार्पणात २५२ धावा केल्या. बंगालच्या पहिल्या नऊही फलंदाजांनी झारखंडविरुद्ध पन्नाशी ओलांडली. आणि अंतिम सामन्यासाठी समोरासमोर आले ४१ विजेतेपदांची मुंबई आणि एकही नसलेला मध्य प्रदेश.

२५/ मैदान तेच, चिन्नास्वामी. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार, जे खेळाडू असताना स्वतःही मुंबई सोडून आसाम आणि आंध्रकडून खेळले होते. समोर पंडित. दोन्ही बाजूंचे गुरू मुंबईच्याच मातीतले. मुंबईचा कर्णधार पृथ्वी शॉ. सर्फराज खानच्या १३४ धावांमुळे मुंबईने ३७४ केल्या. यश दुबे (१३३), शुभम शर्मा (११६) आणि रजत पाटीदार (१२२) यांच्या बळावर मध्य प्रदेशाने ५३६ धावा उभारल्या.

२६/ मुंबईचा दुसरा डाव २६९ वर आटोपला. चार बळी घेतले कुमार कार्तिकेयने. हा उत्तर प्रदेशातला, दिल्लीत शिकलेला, मध्य प्रदेशात स्थिरावलेला फिरकीपटू. लक्ष्य १०८ धावांचे, ते सहा गडी राखून पार झाले. तेवीस वर्षांपूर्वी ज्या मैदानावर पंडित कर्णधार म्हणून हरले होते, तेथेच ते प्रशिक्षक म्हणून जिंकले. इंदूरच्या वारशाला १९५२-५३ नंतर प्रथमच करंडक लाभला. मध्ये एकोणसत्तर वर्षे गेली होती.

२७/ मग मूळ वादाचे काय? इतिहासाचा कौल असा दिसतो. नागपूरचे नायडू इंदुरास गेले, सांगलीचे हजारे बडोद्यास गेले, मुंबईचे पंडित नागपुरास आणि इंदुरास गेले. यांपैकी कोणासही आज कोणी गद्दार म्हणत नाही. खेळाडू नेहमीच वाट बदलत आले आहेत. म्हणून 'तो का गेला' या प्रश्नापेक्षा दोन प्रश्न मोलाचे : निर्णय त्याचा होता का? आणि तो गेल्यावर मागे काय उरले?

२८/ होळकर संघापाशी आलेले हिरे होते. राजाश्रय गेल्यावर फार थोडे उरले. विदर्भ आणि मध्य प्रदेश यांनी पाहुण्यांकडून शिकून आपली मुले उभी केली. आणि महामारीने याहून मूलभूत गोष्ट दाखवली. स्पर्धाच नसेल तर निष्ठावान आणि फिरस्ता दोघेही सारखेच उपाशी. संघाचा झेंडा मिरवणाऱ्या आपणांपैकी किती जणांनी त्या रिकाम्या वर्षात घरी बसलेल्या रणजीपटूची चौकशी केली होती?

२९/ आता गंमत पाहा. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाकडून हरलेला मुंबईचा कर्णधार शॉ २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्र संघात आला. त्याच वर्षी इंदूरचा जलज सक्सेना, मध्य प्रदेश आणि केरळ करून, महाराष्ट्राकडे आला. हजारे गेले त्यास आठ दशके उलटली. आता ओघ उलट दिशेने वाहत आहे. आपल्याला हवे ते पाहुणे मिळाले आहेत. प्रश्न एवढाच की घर कसे आहे?

३०/ त्या घराचा एक कोपरा जळगाव-धुळ्यातही आहे. येथल्या मुलास महाराष्ट्र संघात पोहोचायचे तर पुण्याची वाट धरावी लागते. तोही एक प्रकारचा गाव बदलणाराच. तेव्हा मेहरूणच्या काठी पुढच्या वेळी निष्ठेवर वाद रंगला, तर थाळनेर, इंदूर, बडोदा आणि २६ जून २०२२ यांची आठवण असू द्यावी. आपल्या तालुक्यातून किंवा शाळेतून बाहेरच्या संघात गेलेला खेळाडू ठाऊक असेल, तर त्याची गोष्ट खाली अवश्य लिहा. स्थानिक इतिहास असाच जमा होतो.

थ्रेड समाप्त.